कॉम्प्युटर बदलायची वेळ झाली आहे का, हे कसं ठरवावं

चार वर्षांचा लॅपटॉप जरा अडखळायला लागला की सल्ला तयार असतो: "वय झालं त्याचं, नवीन घ्या." हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. तीन-चार वर्षांत यंत्र बदलायची पद्धत मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांची आहे. तिथे वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, घसाऱ्याचा हिशोब ठरलेला असतो आणि सगळी यंत्रं एकदम बदलणं देखभाल करणाऱ्यांना सोयीचं पडतं. घरी एकच कॉम्प्युटर वापरणाऱ्याला यातलं एकही कारण लागू होत नाही.

आकडाच हवा असेल तर माझा असा आहे: बरा लॅपटॉप सात-आठ वर्षं आणि डेस्कटॉप दहा वर्षं चालायला हवा. मधे एकदा बॅटरी, एकदा स्टोरेज आणि जमल्यास रॅम बदलावी लागेल, हे धरूनच. पण पाचव्या वर्षी खरोखर संपलेली यंत्रं मी पाहिली आहेत आणि नवव्या वर्षी ठणठणीत चालणारीही. म्हणून खालच्या क्रमाने तपासा आणि मगच ठरवा.

बॅकअप आधी घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

१. सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार ते बघा

यंत्राचं आयुष्य ठरवणारी खरी तारीख हीच. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून पुढे एक वर्षाची मुदतवाढ देण्यात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पासवर्ड-किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप किंवा तशी सोय) लागतं आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. म्हणजे ढोबळमानाने २०१८ नंतरचं यंत्र.

इथे एक सूचना. "तुमचा पीसी विंडोज ११ साठी योग्य नाही" असा संदेश आला म्हणून लगेच निकाल लावू नका. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी या नावाने दिसतं, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने. ते चालू करा आणि पुन्हा तपासा.

मॅकच्या बाबतीत ॲपल अशी तारीख आधीपासून जाहीर करत नाही, पण चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या दोन, एवढ्यांना सुरक्षा अपडेट देण्याचा त्यांचा प्रघात आहे. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती. २०२१ पासूनच्या क्रोमबुकना दहा वर्षं अपडेट मिळतात. नेमकी तारीख सेटिंगमध्येच लिहिलेली असते.

अपडेट संपलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका. यावर मी वाद घालत नाही. मात्र अपडेट संपले म्हणजे यंत्र भंगारात गेलं असंही नाही. ज्यांचं काम ब्राउझर, मेल आणि लिखाणापुरतं आहे त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघावी. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात.

२. तक्रार नेमक्या शब्दांत लिहा

"स्लो झालाय" एवढ्यावर काही ठरत नाही. "चालू केल्यावर बराच वेळ काहीच उघडत नाही", "व्हिडिओ कॉल लागला की पंखा जोरात फिरतो आणि आवाज तुटतो" असं लिहा.

३. अडतंय कुठे ते मोजा

ही पायरी सगळे गाळतात आणि नेमकी हीच अवघड आहे. मीही इथेच बराच काळ अडत असे, कारण लक्षणं एकमेकांची सोंगं घेतात. रॅम कमी पडली की दोष डिस्कचा वाटतो. उष्णता वाढली की प्रोसेसर जुना झाल्यासारखा वाटतो. डिस्क मरायला टेकली की विंडोज बिघडल्यासारखी वाटते. म्हणून अंदाज बांधू नका, आकडे बघा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. पण केव्हा? यंत्र रखडत असताना. शांत बसलेल्या यंत्राचे आकडे काहीच सांगत नाहीत. लिहून ठेवलेली तक्रार जशीच्या तशी घडवून आणा आणि ती घडत असतानाच बघा. पुष्कळ जण रखडणं संपल्यावर टास्क मॅनेजर उघडतात, सगळे आलेख खाली आलेले बघतात आणि "काहीच सापडलं नाही" म्हणतात.

आधी मेमरी, म्हणजे रॅम. वापर नव्वद टक्क्यांच्या वर आहे का? त्याखाली "कमिटेड" असे दोन आकडे असतात. त्यातला पहिला आकडा तुमच्या बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर रॅममध्ये न मावलेला मजकूर डिस्कवर सारून परत आणण्याची कसरत चालू आहे. अशा वेळी डिस्कचा आलेखही शंभर टक्क्यांना टेकलेला दिसतो आणि लोक डिस्कला दोष देतात. ओळखायची खूण अशी: प्रोसेसेसच्या यादीत डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. सर्वांत वर एखादा प्रोग्रॅम नसून नुसतं "सिस्टिम" असेल आणि मेमरीही भरलेली असेल, तर आजार रॅमचा आहे. अशा यंत्रात फक्त एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) घातली तर ते पळायला लागतं, पण मूळ दुखणं झाकलं जातं आणि वर्षभरात पुन्हा डोकं वर काढतं.

मेमरी अर्धी रिकामी आहे आणि तरी डिस्क शंभर टक्के? मग परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या भागात वाचन-लेखनाचा वेग बघा. डिस्क पूर्ण गुंतलेली, पण वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असं दिसलं तर ती बहुधा फिरणारी हार्डडिस्क आहे. तिचं वाचणारं टोक प्रत्येक वेळी नव्या जागी सरकतं आणि तबकडी फिरून योग्य जागा खाली येईपर्यंत थांबतं. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना ती सेकंदाला शंभरएक ठिकाणीच पोचू शकते. साध्या एसएसडीला हीच कामं सेकंदाला हजारोंनी जमतात. अँटिव्हायरस, अपडेट आणि शोधाची अनुक्रमणिका एकाच वेळी धावायला लागले की हार्डडिस्कचा जीव तिथेच गुदमरतो. प्रोसेसर दहा टक्क्यांवर रिकामा बसलेला असतो, आणि घरात मात्र "प्रोसेसर जुना झाला" अशी चर्चा चालू असते.

यातला धोक्याचा प्रकार वेगळा ओळखा. ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम (डिस्कला उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ) हजारो मिलिसेकंदांत आहे, वेग शून्याजवळ आहे आणि यंत्र मधेच गोठतं, असं असेल तर डिस्क मरते आहे. डिस्कचं आरोग्य दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. रिॲलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाजूला काढलेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (संशयित भाग) या दोन ओळींचा कच्चा आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य असायला हवा. तो शून्याच्या वर असेल आणि आठवडाभरात आणखी वाढला, तर त्या डिस्कवर एक दिवसही विसंबू नका.

म्हणूनच "फॉरमॅट मारून बघ" या सल्ल्याचा मला राग येतो. फॉरमॅट केल्यावर यंत्र काही दिवस हलकं वाटतं, कारण आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम गेलेले असतात. ते काम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून पाच मिनिटांत होतं. आणि डिस्क मरायला टेकलेली असेल, तर बॅकअपशिवाय मारलेला फॉरमॅट फोटोंसकट सगळं घेऊन जातो. रॅम बूस्टर आणि पीसी क्लीनर नावाचे प्रोग्रॅम तर टाकूच नका. रॅम मोकळी करण्याच्या नावाखाली ते लागणारा मजकूर बाहेर ढकलतात आणि तो लगेच परत आणावा लागतो.

शेवटी प्रोसेसर. वापर शंभर टक्के दिसला की लोक थांबतात. थांबू नका, त्याच पानावर खाली "स्पीड" (आत्ताचा वेग) आणि "बेस स्पीड" (प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग) बघा. यंत्र निवांत असताना स्पीड कमी असणं योग्यच. पण पूर्ण भार असताना स्पीड बेसच्याही खाली असेल, तर प्रोसेसर जुना झालेला नाही, त्याला कोणीतरी मागे खेचतंय. एका नातेवाइकांचा लॅपटॉप मी तपासला तेव्हा बेस स्पीड २.४० गिगाहर्ट्झ होता आणि पूर्ण भाराला स्पीड ०.७८ वर अडकलेला. नवीन घ्यायचं घरात ठरलंही होतं. पंखा शांत होता, तापमान ठीक होतं. मग चार्जर उलटून वॅटचा आकडा वाचला. मूळ चार्जर खराब झाल्यावर कमी वॅटचा दुसरा आणलेला होता. वीज कमी मिळते म्हणून यंत्र स्वतःला आवरत होतं. योग्य वॅटचा चार्जर लावल्यावर त्याच कामाला स्पीड ३ च्या वर गेला.

नेहमीचं कारण मात्र उष्णता. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतात. तापमान दाखवणारा एखादा हार्डवेअर मॉनिटर प्रोग्रॅम चालवून भार असताना तापमान बघा. ते तिथे पोचत असेल तर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा थर बसलेला असतो, किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकलेली असते. धूळ हवेच्या झोताने उडवताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. झोताने तो गरागरा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

एवढं सगळं नीट निघालं आणि तरी प्रोसेसर पूर्ण वेगाने, योग्य तापमानाला, शंभर टक्क्यांवर अडकून बसत असेल, तर आणि तरच तो तुमच्या कामाला कमी पडतोय.

फक्त वेबसाइट संथ असतील तर त्याच वायफायवर दुसरं यंत्र लावून बघा; तेही संथ असेल तर दोष यंत्राचा नाही.

४. बदलता येतं ते बदला

हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, ८ जीबीची रॅम १६, साफसफाई आणि पेस्ट, बॅटरी. तिसऱ्या पायरीत जे सापडलं तेवढंच बदला. घेण्याआधी रॅमचा प्रकार बघा: डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकींच्या जागी बसत नाहीत. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच कायमची डकवलेली (सोल्डर केलेली) असते, तिथे हा मार्ग बंद.

बॅटरीचं आरोग्य विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसतं. मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता यांची तुलना करा. निम्म्यावर आली असेल तर बदला. टचपॅड वर आलाय, तळ टेबलावर डुगडुगतोय, असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. यंत्र बंद करा, चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका.

बंद केल्यावर घड्याळ मागे जात असेल तर बोर्डावरचा छोटा सेल संपलाय, बहुधा सीआर२०३२. तेवढ्यासाठी कोणी नवीन यंत्र घ्यायला सांगत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

५. खरंच बदलायची वेळ

मदरबोर्ड गेला, पाणी सांडून बोर्ड गंजला, किंवा स्क्रीन, बिजागरी आणि बॅटरी एकदम गेल्या, तर बदला. अपडेट संपले आणि तुम्हाला लागणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, तरीही बदला. कामच वाढलं असेल, म्हणजे पत्रं लिहिणारा माणूस आता व्हिडिओ संपादन करायला लागला असेल, तर यंत्र चांगलं असूनही बदलणं रास्त आहे.

"दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त असेल तर नवीन घ्या" हा नियम मी पाळत नाही, कारण त्यात वर्षं येत नाहीत. दुरुस्तीचा खर्च ती जितकी वर्षं देईल त्याने भागा. नव्या यंत्राची किंमत ते जितकी वर्षं चालेल त्याने भागा. जो आकडा लहान तो मार्ग. अपडेटची तारीख वर्षभरावर आली असेल तर दुरुस्तीच्या बाजूला एकच वर्ष धरा, मनाची समजूत काढायला तीन धरू नका. आणि लॅपटॉपच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच खर्ची पडलेला असतो, तेव्हा आकडे बरोबरीचे निघाले तर मी दुरुस्तीकडे झुकतो.

६. नवीन घेताना, जुना देताना

प्रोसेसरच्या नावापेक्षा रॅम आणि स्टोरेज पुढे बदलता येतात का, हे आधी विचारा. रॅम डकवलेली असेल तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. मागच्या पिढीचा प्रोसेसर चालेल. अपडेटची तारीख जाहीर असेल तिथे मात्र मुदत किमान सात वर्षं उरलेली हवी.

जुनं यंत्र कोणाला देणार असाल तर नुसत्या फायली डिलीट करणं पुरेसं नाही, त्या परत काढता येतात. विंडोजच्या रिसेटमध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. आधी सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, मॅक असेल तर फाइंड माय (हरवलेलं यंत्र शोधायची ॲपलची सोय) बंद करा, नाहीतर नव्या माणसाला यंत्र उघडताच येणार नाही. बंद पडलेलं यंत्र ई-कचरा संकलनात द्या आणि त्याआधी डिस्क काढून स्वतःकडे ठेवा.