मधुमेही रुग्णाने पडद्याच्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी करावयाची तयारी

मधुमेह असलेल्या रुग्णाला नेहमीचे नेत्रतज्ज्ञ ‘एकदा पडद्याच्या (म्हणजे डोळ्याच्या आतील रेटिनाच्या) डॉक्टरांना दाखवून या’ असे सांगून चिठ्ठी देतात, पण चिठ्ठीसोबत काय न्यायचे हे सांगायचे बहुधा राहून जाते. त्या दवाखान्यात दृष्टी व डोळ्यांतील दाब तपासून झाला की बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात. त्यांचा परिणाम पुरता व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि त्यानंतर कित्येक तास जवळचे अक्षर लागत नाही. संमतिपत्र, खर्चाचा अंदाज आणि औषधांची चिठ्ठी हे सारे कागद रुग्णापुढे येतात ते नेमके याच अवस्थेत. म्हणून वाचण्यालिहिण्याचे जेवढे काम घरून उरकता येईल तेवढे उरकून जावे.

मधुमेह किती वर्षांपासून आहे, कोणत्या गोळ्या किंवा इन्सुलिन किती प्रमाणात चालू आहे, रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचे दुखणे आहे का आणि कशाची ॲलर्जी आहे, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. औषधांची नावे आठवून लिहू नयेत, गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून उतरवावीत. अलीकडे उपचार बदलून साखर झपाट्याने खाली आली असेल तर तेही नोंदवावे, कारण अशा वेळी पडद्याचा विकार काही काळ वाढू शकतो. पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास त्याची तारीख गाळू नये. पडद्याच्या सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन द्यायचे की नाही हे ठरवताना डॉक्टरांना ती लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, कारण या इंजेक्शनसाठी त्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत आणि थांबवण्यातला धोका बहुतेक वेळा अधिक मोठा असतो.

जुन्या कागदांपैकी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसीचा अहवाल, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारी क्रिएटिनिनची तपासणी, चष्म्याचे नंबर आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असल्यास बसवलेल्या भिंगाचे कार्ड घ्यावे. पूर्वी ओसीटी (पडद्याच्या थरांचे चित्र काढणारी तपासणी) काढले असेल तर त्याचे मूळ रंगीत कागदच न्यावेत. पडद्याची सूज वाढली की उतरली हे जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना करूनच कळते, आणि मोबाइलवर काढलेल्या धूसर फोटोचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

त्या दिवशी सकाळी, दवाखान्याने वेगळे सांगितले नसेल तर, न्याहारी आणि नेहमीच्या गोळ्या चुकवू नयेत. उपाशीपोटी जाण्याची सवय अनेकांना रक्ततपासणीमुळे लागलेली असते. इथे तासन्‌तास बसून साखर एकदम खाली गेली तर तपासणी बाजूलाच राहते. म्हणून बिस्किटे आणि साखर जवळ असू द्यावी. रक्तदाबाची गोळी न घेतल्याने दाब वाढलेला आढळल्यास इंजेक्शन पुढे ढकलले जाऊ शकते. काजळ लावू नये, काळा चष्मा बरोबर घ्यावा, आणि परतताना स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवण्याचा विचारही करू नये. सोबत येणारी व्यक्ती केवळ हात धरायला नसावी, तर संमतिपत्र वाचून दाखवू शकणारी आणि डॉक्टरांचे बोलणे लिहून घेणारी असावी.

डोळ्यांची अँजिओग्राफी, म्हणजे पडद्यातील रक्तवाहिन्यांची तपासणी, सांगितली तर हाताच्या शिरेत फ्लुरोसिन नावाचा पिवळा रंग टोचून डोळ्यांचे फोटो काढतात. काहींना क्षणभर मळमळते, त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर गडद पिवळी होते. याने घाबरून जाऊ नये. दमा, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली तीव्र रिॲक्शन किंवा गर्भारपण मात्र आधीच सांगावे.

पडद्याच्या मध्यभागी सूज असल्यास डोळ्यातल्या इंजेक्शनचा विषय निघतो. तेव्हा कोणते औषध, एका इंजेक्शनचा खर्च किती, पहिले काही महिने ते कितीदा घ्यावे लागेल आणि परिणाम कशावरून ठरवणार, हे चार प्रश्न आधीच लिहून न्यावेत. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या इंजेक्शनातून देण्याच्या औषधांच्या किमतींत फार मोठे अंतर आहे, आणि उपचार एका इंजेक्शनात क्वचितच संपतो, त्यामुळे किंमत विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतील आधुनिक उपचारांच्या यादीत या इंजेक्शनांचा समावेश होता, परंतु पॉलिसीत त्यांच्यासाठी वेगळी खर्चमर्यादा असू शकते. ती फोन करून आधी विचारून घ्यावी आणि पॉलिसी कार्डासोबत आधार कार्डही ठेवावे.

नांदेड-लातूरकडून हैदराबादला किंवा अन्य दूरच्या शहरात जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. पडद्याची शस्त्रक्रिया करावी लागून तीत डोळ्यात गॅस भरला गेल्यास तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. याउलट, डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखे झाले, वीज चमकल्यासारखे दिसू लागले किंवा काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडू लागला, तर ठरलेल्या तारखेची आणि या यादीची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या नेत्रतज्ज्ञांना गाठावे.

इंजेक्शन घेतल्यावर डोळा चोळू नये आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. पुढच्या काही दिवसांत दुखणे वा लाली वाढत गेली किंवा नजर कमी झाली, तर रात्रीही ज्यावर संपर्क होईल असा क्रमांक दवाखान्यातून निघण्यापूर्वीच सोबतच्या माणसाच्या फोनमध्ये नोंदवून घ्यावा.