दर्यापार गेलेल्याचं घराणं कसं लिहावं

कुलवृत्तांताच्या कामाला लागलेला पुणेकर आधी मूळपुरुष शोधतो. तो गवसला की शाखा, उपशाखा, गाव, इनाम असं करत खाली उतरत येतो. कोकणातून घाट चढून देशावर आलेल्या घराण्यांना ही रीत चालून जाते. पण एखादा गडी गलबतावर चढला आणि तिकडेच कुठेतरी संसार थाटून बसला, की त्याच्या नावापुढे आपले वृत्तांत ‘परागंदा’ एवढं छापतात आणि पान उलटतात. बहुतेक वेळा माहिती असते. ती आपल्या नेहमीच्या जागी नसते, म्हणून दिसत नाही.

मी दापोडीच्या एका स्वीडिश कारखान्यात स्टोअर्सला होते. निवृत्त झाल्यावर आधी सासरच्या वृत्तांताचं काम गळ्यात पडलं, मग लोक आपापली कागदपत्रं घेऊन यायला लागले. नव्यांना शिकवताना मी आपल्यातलं कुठलंच घराणं घेत नाही. आपलं म्हटलं की मानपान आला, आणि ‘आमच्या पणजोबांबद्दल असं लिहू नका’ आलं. त्यासाठी मी एक स्वीडिश खलाशी धरलाय. त्याच्यावरून कुणाला राग येत नाही.

कार्ल एमिल पेटर्सन. जन्म १८७५, स्टॉकहोमजवळच्या सोलेन्टुनाचा. सतराव्या वर्षाच्या सुमारास दर्यावर गेला, आणि पुढे प्रशांत महासागरातल्या जर्मन वसाहतीत न्यू गिनी कंपनीच्या नोकरीला लागला. १९०४ च्या नाताळात त्याचं जहाज फुटलं आणि तो ताबार बेटाच्या किनाऱ्याला लागला. १९०७ साली तिथल्या प्रमुखाच्या, लामीच्या, मुलीशी त्याचं लग्न झालं. तिचं नाव सिंग्दो. त्याने नारळाची लागवड केली, खोबऱ्याचा व्यापार केला, नऊ मुलं झाली. १९२१ साली सिंग्दो बाळंतरोगाने गेली. पुढे स्वीडनला गेला असताना त्याला जेसी सिम्प्सन भेटली, तिला घेऊन तो परत बेटावर आला, आणि ती त्याची दुसरी बायको. १९३७ साली तो सिडनीत वारला.

आता वहीचं पान उभं दुमडा आणि दोन रकाने करा. डावीकडे ‘त्याच वेळी कुणीतरी लिहून ठेवलेलं’, उजवीकडे ‘नंतर कुणीतरी सांगितलेलं’. जन्म, लग्न, मृत्यू यांचे कागद मिळाले तर ते डावीकडे. बेटकरी त्याला खाणार होते, पण निळे डोळे बघून थबकले; राजकन्या पाहताक्षणी भाळली; सासऱ्यामागे तो बेटाचा राजा झाला: हे सगळं उजवीकडे. उजवा रकाना फाडून टाकायचा नाही. गोष्ट कुणी, कधी, कुणाला सांगितली हेही घराण्याच्या इतिहासातच येतं. स्वीडनमधल्या एका लाडक्या बालकथेतला दर्यावर्दी बाप याच्यावरूनच सुचला, असं तिकडे मानतात. तेही उजवीकडे. फक्त रकाने एकमेकांत मिसळले की संपलं. मग वाचणारा जन्मतारखेवरही विश्वास ठेवत नाही.

डावा रकाना भरायला घरच्या बाजूने सुरुवात करा. स्वीडनच्या बाबतीत हे सुख आहे. १६८६ च्या चर्च कायद्याने तिकडच्या पाद्र्यांवर गावकऱ्यांच्या नोंदी ठेवायची सक्ती आली. पाद्री घरोघरच्या माणसांची धर्माची परीक्षा घ्यायचा आणि त्यासाठी वही ठेवायचा: घरात कोण कोण, जन्म कधी आणि कुठल्या पॅरिशमधला (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख), वाचता येतं का, कुठून आला, कुठे गेला. १८९५ च्या सुमारास या वह्यांची जागा नव्या पद्धतीच्या नोंदवह्यांनी घेतली. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या जुन्या पानांची छायाचित्रं २०१८ पासून सर्वांना फुकट खुली केली आहेत. सदाशिव पेठेत बसून ती उघडता येतात, मात्र मोठा पडदा घ्या. मोबाइलवर डोळे फुटतील.

आधी पॅरिश पक्की करा, नाव नंतर. आडनावावरून शोधायला गेलात तर फसाल, कारण जुन्या काळी तिकडे आडनाव पिढीगणिक बदलायचं. पेटरचा मुलगा पेटर्सन, त्या मुलाचं नाव कार्ल असेल तर नातू कार्लसन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आडनावं गोठत गेली, आणि १९०१ च्या हुकुमाने ती कायम झाली. कार्ल रोमन ‘सी’ने आणि ‘के’ने, दोन्ही तऱ्हांनी शोधा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच समजा. डोक्यावर टिंबं किंवा वर्तुळ असलेले तीन स्वर त्यांच्या वर्णमालेत ‘झेड’च्या नंतर येतात, त्यामुळे सूचीत नाव सापडलं नाही तर शेवटची पानं बघा. अक्षर वाचायचा कंटाळा येईल. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेल्यांना मी इथे एकच सांगते: तिथे जे केलंत तेच करा. लिहिणाऱ्याचं एक वळण पकडा, त्याच पानावर त्याचे महिने आणि आकडे ओळखा, मग नावांकडे वळा.

खलाशाचा माग पॅरिशच्या वहीत मध्येच तुटतो. तिथे दोन जागा आहेत. एक, खलाशी-घरं. १७४८ पासून स्वीडनच्या बंदरांमध्ये ही कार्यालयं होती आणि १९६१ पर्यंत चालली. कोण कुठल्या जहाजावर चढला, कधी उतरला, कधी पळाला, याची तिथे नोंद व्हायची. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या सीडीसीत, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदपुस्तकात, जे शिक्के असतात, साधारण तसला मजकूर. (घरात कुणी बोटीवर असेल तर जुन्या सीडीसी रद्दीत देऊ नका, एवढं तरी ऐका.) दुसरी जागा मला फार आवडते. ठावठिकाणा न लागणाऱ्यांसाठी पाद्री वेगळी नोंद ठेवायचे. वर्षानुवर्षं पत्ता नाही, मेल्याची खबर नाही, अशी माणसं मुख्य वहीतून काढून तिथे टाकत. आपण ‘परागंदा’ लिहून सोडून देतो, त्यांनी त्याचं रजिस्टर केलं.

आता बेटाची बाजू. इथे नावं माणसांची नाही, मुलखाची बदलतात. जुन्या कागदांतलं न्यू मेक्लेनबुर्ग म्हणजे आजचं न्यू आयर्लंड, आणि हेर्बर्ट्सहोहे म्हणजे आजचं कोकोपो. ताबारचा गट न्यू आयर्लंडच्या ईशान्येला आहे, त्यात सिंबेरी, तातौ आणि मोठं ताबार अशी तीन मुख्य बेटं. १९१४ पर्यंत जर्मन, मग ऑस्ट्रेलियन, मध्ये जपानी, १९७५ पासून पापुआ न्यू गिनी हा स्वतंत्र देश. तेव्हा वहीत एक पट्टी आखून सालांसमोर सत्ता लिहा. कागद सत्तेबरोबर जातो: वसाहतीची जर्मन दप्तरं बर्लिनला, नंतरची बरीच कॅनबेराला. घरबसल्या सगळ्यात जास्त मिळतं ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर. तिथे त्याच मुलखातल्या राबाउल शहराचं जुनं वर्तमानपत्र आणि प्रशांत बेटांवरचं मासिक, दोन्ही फुकट चाळता येतात. माणसाचं नाव टाकून भागत नाही. मळ्याचं नाव, जहाजाचं नाव, टोपणनाव टाका. पेटर्सनला ‘स्ट्राँग चार्ली’ म्हणत.

इथपर्यंत सगळे येतात. पुढे घाई करतात, आणि मी जास्त वेळ इथेच लावते.

चित्र काढा, प्रत्येक माणसाला एक चौकोन. तळाशी पेटर्सनचं कुठलंही एक मूल, त्याला क्रमांक १. बाप २, आई ३. मग नियम सोपा: कुणाच्याही आकड्याची दुप्पट म्हणजे त्याचा बाप, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. युरोपात ही पद्धत सोळाव्या शतकापासून आहे, आणि तिचा मोठा गुण असा की बायकांचा चौकोन गाळताच येत नाही. आपल्या वृत्तांतात सून येते ती नवं नाव घेऊन, माहेर कंसात, आणि तिच्या आईचा तर उल्लेखच नाही. इथे रिकामा चौकोन तुमच्याकडे बघत बसतो.

कार्ल २, सिंग्दो ३. सिंग्दोचा बाप लामी, म्हणजे ६. आणि सिंग्दोची आई ७. सहा क्रमांक युरोपियनांनी लिहून ठेवलाय, कारण त्यांना राजा हवा होता. सातबद्दल ते गप्प आहेत. आणि नेमकं न्यू आयर्लंड-ताबारकडे कूळ आईकडून चालतं. मूल आईच्या कुळाचं, जमिनीचा हक्क त्याच वाटेने. म्हणजे या नऊ मुलांचं बेटावरचं स्थान पेटर्सनवर अवलंबून नव्हतं आणि लामीवरही नव्हतं. ते ३, ७, १५ या रांगेत होतं. स्वीडिश बाजूचे चौकोन खलाशाने दिले, पण राहायला जमीन कुणी दिली हे विचारलंत की बोट ७ वरच येतं. राजेपणाबद्दलही माझी शंका इथूनच सुरू होते. त्या भागात मुकुट-सिंहासनाचे राजे नसत, वजनदार मानकरी असत. शिवाय आईकडून चालणाऱ्या कुळात जावई गादीवर बसला, हे मला सहज पटत नाही. उजवा रकाना.

म्हणून झाड खलाशापासून सुरू करू नका. जी जागची हलली नाही तिच्यापासून करा. कागद तिच्या बाजूला नसतो, मान्य. पण हिशेब असतो. ताबारमध्ये मृतांसाठी मालागान नावाचे मोठे विधी होतात, त्यात कोरलेल्या आकृती मांडतात. कुठली आकृती कोरायचा हक्क कुणाचा, तो कुणाकडून कुणाकडे गेला, हे चारचौघांसमोर ठरतं आणि लोक ते लक्षात ठेवतात. तुम्हाला तिथे जाणं जमणार नाही, पण संग्रहालयांच्या सूचींत अशा आकृत्यांसोबत गावाचं आणि कधीकधी कुळाचं नाव असतं. तेही टिपून ठेवा.

मुलं मोजताना जपून. नऊपैकी एक तान्हेपणीच गेलं. हयात मोजणारा आठ म्हणेल, बाळंतपणं मोजणारा नऊ. दोघेही बरोबर, फक्त कुठला आकडा लिहिलात ते शेजारी लिहा.

आपल्यापैकी ज्यांचं कुणी मॉरिशसला गेलं, त्यांना हाच क्रम लागू. १८३४ पासून करारावर नेलेल्या मजुरांची दप्तरं तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत आहेत: नंबर, बापाचं नाव, गाव, वय, उंची, आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. तिकडे पहिलं नावच आडनाव होऊन बसलं, त्यामुळे आडनाव धरून बसू नका. नंबर धरा, गाव धरा. रत्नागिरीकडचं गाव कारकुनाने काहीच्या काही लिहिलेलं असेल तर मोठ्याने वाचून बघा, कानाला लवकर कळतं.

हयात माणसांबद्दल शेवटी. ताबारच्या त्या संसाराचे वंशज आज आहेत. नाव, जन्मतारीख, पत्ता त्यांच्या परवानगीशिवाय छापू नका. विचारल्यावर ‘नको’ आलं तर चौकोनात फक्त ‘हयात’ लिहा. स्वीडनच्या अभिलेखागारानेही अलीकडच्या जन्मनोंदींची पानं इंटरनेटवर खुली केलेली नाहीत. आपल्याकडे अशी बंधनं कुणी पाळत नाही, आणि वृत्तांताच्या छापील प्रतीत सुनांचे मोबाइल नंबर असतात. ती प्रुफं माझ्याकडे आली की मी नंबर खोडूनच परत पाठवते.