सोलापूरच्या उन्हाळ्यात पोरांना आर्क्टिक कसं शिकवायचं

सुट्टीत पोरांना आर्क्टिक शिकवणार असाल तर डायरेक्ट व्हिडिओ लावू नका, ४२-४३ डिग्रीत घामाघूम बसलेल्या पोराला "तिकडं लई थंडी असते" एवढं सांगून काय कळणार, थंडी त्याच्या हाताला लागली पाहिजे. आधी पृथ्वीगोलावर सोलापूर दाखवा, साधारण १७.७ अंशावर, मग बोट वर वर न्यायचं, ६६.५ च्या पुढं आर्क्टिक. तिथं नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये, ७९ अंशाजवळ, २००८ पासून आपल्या भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे आणि हिवाळ्यात तिथं जवळपास चार महिने सूर्य उगवत नाही. हे ऐकलं की पोरं स्वतःच विचारतात, मग तिथले प्राणी जगतात कसे?

आता घरातली सोलापुरी चादर काढा. बर्फाचे दोन सारखे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत घाला, एक उघडा ठेवा, दुसरा चादरीत नीट गुंडाळा, आणि आधी कुठला वितळेल ते विचारा. आमच्याकडं सगळी पोरं "चादरीतला!" म्हणून ओरडली, कारण चादर गरम असते ना. अर्ध्या तासानं बघितलं तर उघड्या बर्फाचं पाणी आणि चादरीतला बऱ्यापैकी शिल्लक. चादर ऊब तयार करत नाही, तिच्यात अडकलेली हवा आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते, पोलर बेअरच्या दाट केसांचं कामही हेच. त्याचे केस खरं तर पांढरे नसतात, बिनरंगी असतात आणि खालची कातडी काळी. पटत नसेल तर गोळेवाल्याकडं न्या, काचेसारखा बर्फ किसला की पांढरा दिसतो की नाही?

मग चरबी. एका पिशवीत डालडा भरा, दुसरी पिशवी तिच्या आत घाला, म्हणजे डालड्याचा हातमोजा झाला (मे महिन्यात डालडा मऊ पडतो, आधी फ्रीजमध्ये ठेवा). एक हात त्यात, दुसरा नुसत्या दोन पिशव्यांत, आणि दोन्ही बर्फाच्या पाण्यात. नुसत्या पिशवीतला हात पटकन बाहेर येतो, जबरदस्ती करू नका. बेअरच्या कातडीखाली असा थर १० सेंटीमीटरपर्यंत असू शकतो.

कानांवर मात्र जास्त वेळ द्या. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या खोकडाचा (म्हणजे इकडच्या छोट्या कोल्ह्याचा) फोटो आणि आर्क्टिक कोल्ह्याचा फोटो शेजारी ठेवा. खोकडाचे कान मोठे, उष्णता बाहेर टाकायला बरे, बर्फातल्याचे छोटे गोल, उष्णता कमी जाते. दोन उकडलेले बटाटे घ्या, एक अख्खा, एक फोडी केलेला, फोडी आधी गार होतात, जितका भाग हवेला उघडा तितकी उष्णता जाते.

इथं एक चूक हमखास होते, पोरं म्हणतात "थंडी वाजली म्हणून कोल्ह्यानं कान छोटे केले". तिथंच थांबवा. कुणी काही ठरवून केलं नाही, ज्यांचे कान जन्मतःच जरा छोटे होते ते थंडीत जास्त टिकले, त्यांची पिल्लं जास्त जगली, असं हजारो पिढ्या चाललं.

आणि पेंग्विन आर्क्टिकमध्ये नसतात हो, चित्रात बेअरशेजारी दिसला तर पोरांनाच खोडायला द्या. शेवटी कागद देऊन सांगा, खोकड हिमाद्रीला गेलं आणि बर्फातला कोल्हा नान्नजला आला तर कुणाचं काय होईल ते काढा.