रेडिएटर दुसऱ्या भिंतीवर हलवताना खर्च कुठे होतो

खोली गरम ठेवणारा, गरम पाण्यावर चालणारा भिंतीवरचा रेडिएटर काढून नव्या ब्रॅकेटवर टांगणं हे तासाभराचं काम. पैसे जातात ते पाइपात. त्याच भिंतीवर थोडं सरकवायचं असेल तर खर्च आटोपशीर राहतो. समोरच्या भिंतीवर न्यायचं म्हटलं की फरशी उखडणं, पाइप पुरणं, परत फरशी बसवणं आलंच. लाकडी फळ्यांखालून पाइप नेणं त्यामानाने खूप स्वस्त. काँक्रीट असेल तर पाइप भिंतीलगत उघडा नेणं विचारात घ्याच.

कोटेशनमध्ये हे वेगवेगळं लिहून मागा: पाणी उतरवणं, पाइप, नवे व्हॉल्व्ह, गंजरोधक द्रावण, जुन्या जागेची डागडुजी. डागडुजी बहुतेकदा धरलेली नसते आणि मग भांडणं होतात.

जुने पाइप व्हॉल्व्हजवळच बंद करू नका, मुख्य लाइनमधून फाटा फुटतो त्या टी-जोडापाशी कापा. नाहीतर उरलेल्या तुकड्यात पाणी साचून गाळ धरतो. फरशी झाकण्याआधी दाबाची चाचणी घ्या. सीलबंद (हवेला उघडी टाकी नसलेली) सिस्टिम थंड असताना साधारण १ ते १.५ बार (दाबाचं एकक) दाबावर भरा, हवा काढा, दाब पुन्हा पाहा. शेवटी सगळे रेडिएटर बॅलन्स करा, म्हणजे सगळे सारखे तापतील असं प्रत्येकाचं पाणी व्हॉल्व्हने कमीजास्त करा, नाहीतर लांबचा थंडच राहील.

वाफेच्या एकपाइपी सिस्टिमला (जिथे वाफ येते त्याच पाइपातून पाणी परत जातं) मात्र हात लावू नका. पाइपाचा उतार चुकला की पाणी अडतं आणि पाइप ठोकल्यासारखे वाजतात.