ग्रंथालयशास्त्राचं गटकाम शेअर केलेल्या शीटवर करताय? या चुका टाळा

दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदवायच्या वहीत, गिरवागिरव करायची नाही, चुकलं तर एका रेघेने खोडून शेजारी सही करायची, हे बी.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या) वर्गात सुरुवातीलाच शिकवतात. मुलं ते पाठही करतात. तीच नोंदवही गूगल शीटवर आली की मात्र सगळा गट एकदम आत शिरतो आणि कोणी काय बदललं याचा कुणालाच पत्ता नसतो. सांगली-मिरजेकडच्या मुलांची प्रात्यक्षिकं बघताना त्याच त्या चुका दरवर्षी समोर येतात. साधन सोपं आहे म्हणून शिस्त लागत नाही, असं वाटतं त्यांना. उलट आहे. कागदावर एकाची चूक एका पानापुरती राहते, शीटवर ती एका क्लिकमध्ये सगळ्यांच्या कामात शिरते.

एकच रकाना सॉर्ट करणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. लेखकाचा रकाना निवडायचा, डेटा मेनूतून 'सॉर्ट रेंज' दाबायचं आणि नावं अकारविल्हे लागली म्हणून खूश व्हायचं. लागतात ती फक्त नावं. शीर्षक, दाखल अंक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक), किंमत सगळं जागच्या जागी. एक्सेल अशा वेळी शेजारचे रकाने बरोबर घेऊ का, असं विचारतं. गूगल शीट विचारत नाही, आणि एक्सेलवर हात बसलेली मुलं इथेच फसतात.

ऑगस्ट 2019 मधल्या कृष्णेच्या पुरात पलूस तालुक्यातल्या एका वाचनालयाची नोंदवही भिजली. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. पुढे एका गटाने प्रकल्प म्हणून ती शीटवर उतरवायला घेतली. वाचता येत होती तेवढी पानं वाचून, आणि जिथे पानच गेलं तिथे शिल्लक पुस्तकांवरच्या शिक्क्यातला दाखल अंक बघून. काम मनापासून चाललं होतं. गटातल्या एकाला अहवालासाठी लेखकांची यादी तातडीने हवी होती. त्याने लेखकाचा रकाना सॉर्ट केला, यादी कॉपी करून घेतली आणि शीट तशीच सोडून दिली. बाकीचे त्याच शीटमध्ये खाली नव्या नोंदी भरत राहिले. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपापल्या शेवटच्या ओळीकडे बघत होता. मग ग्रंथपाल बाईंनी कपाटातून सहज एक पुस्तक काढून शीटशी ताडलं, तर ऊसशेतीच्या पुस्तकापुढे एका नाटककाराचं नाव.

गट लगेच व्हर्जन हिस्ट्रीतून (शीटच्या आधीच्या अवस्था जिथे जपलेल्या असतात तिथून) जुनी आवृत्ती 'रिस्टोअर' करायला निघाला. त्यांना तिथेच थांबवावं लागलं. तसं केलं असतं तर सॉर्टनंतरच्या आठवडाभराच्या नोंदी चालू शीटवरून नाहीशा झाल्या असत्या. त्याऐवजी सॉर्टच्या आदल्या आवृत्तीची 'मेक अ कॉपी' करून वेगळी फाइल काढली आणि नंतरच्या नव्या ओळी तिच्याखाली आणून लावल्या. मधल्या काळात जुन्या ओळींत ज्या दुरुस्त्या झाल्या होत्या, त्या मात्र पुस्तक हातात घेऊन एकेक करून पुन्हा कराव्या लागल्या. ते काम नव्या नोंदी करण्यापेक्षा कितीतरी किचकट होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर यादीची घाई. सार्वजनिक वाचनालयाची तपासणी होते तेव्हा दप्तर बघितलं जातं. मुलांचं प्रात्यक्षिक होतं, ही सबब तिथे सांगता येत नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. शीट तयार झाली की पहिली ओळ फ्रीझ करायची. ज्याला नुसती यादी बघायची आहे त्याला 'व्ह्यूअर' ठेवायचं, संपादनाचा हक्क द्यायचाच नाही. क्रम लावून बघायचा असेल तर फिल्टर व्ह्यू वापरायचा. तिथला क्रम फक्त तुमच्यापुरता राहतो, मूळ ओळी हलत नाहीत. पण त्यात एखाद्या चौकटीतला मजकूर बदललात तर तो सगळ्यांसाठी बदलतो, हेही ध्यानात असू द्या. दिवसाचं काम संपलं की त्या दिवशीच्या आवृत्तीला तारीख आणि आद्याक्षरं घालून नाव द्यायचं. एखाद्या चौकटीबद्दल शंका आली तर उजवी क्लिक करून 'शो एडिट हिस्ट्री' बघायची. नोंदवहीतल्या सहीचं काम तीच करते.

पुढचं शून्य गमावणं

पुस्तकाचा विषय दाखवणाऱ्या ड्युई पद्धतीत ग्रंथालयशास्त्राचा वर्गांक 020. शीटमध्ये टाकला की होतो 20. संगणकाच्या पुस्तकांचे 004, 005 यांचे 4 आणि 5 होतात. आपल्याच विषयाचा वर्गांक मोडलेला बघूनही मुलं पुढे जातात, याचा मला मनापासून त्रास होतो. वर्गांक ही रक्कम नाही, त्याची बेरीज करायची नसते. भरायला सुरुवात करण्यापूर्वीच त्या रकान्याचं फॉरमॅट 'प्लेन टेक्स्ट' करा. नंतर केलंत तर गेलेलं शून्य परत येत नाही.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचंही तेच. दहा अंकी जुन्या आयएसबीएनमध्ये भारतीय पुस्तकांचे क्रमांक शाबूत राहतात, कारण त्यांची सुरुवात 81 किंवा 93 ने होते. इंग्लंड-अमेरिकेतले संदर्भग्रंथ बहुधा 0 ने सुरू होतात, त्यांचा पहिला अंकच उडतो. तेरा अंकी आयएसबीएन असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की 9.78819ई+12 असलं काहीतरी दिसतं, आणि त्याच अवस्थेत सेव्ह केली तर उरलेले अंक कायमचे जातात. ती फाइल डेटा टॅबमधून 'इम्पोर्ट' करून, रकाना टेक्स्ट ठरवूनच उघडावी. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू द्या.

प्रत्येकाने लेखकाचं नाव आपल्या मनाने लिहिणं

आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. एकाच शीटमध्ये 'साठे, अण्णाभाऊ', 'अण्णा भाऊ साठे', 'साठे, अण्णा भाऊ' आणि 'साठे, तु. भा.' अशी चार माणसं तयार झालेली मी पाहिली आहेत. हीच शीट पुढे मार्क 21 या ग्रंथनोंदींच्या प्रमाण साच्यात बदलून कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत नेली की वाचक एका रूपाने शोधतो आणि बाकीच्या नोंदी त्याला सापडत नाहीत. तालिकीकरणाच्या (पुस्तकांची सूची करण्याच्या) पेपरात प्रमाण नामरूपावर पानभर उत्तर लिहिणारी मुलं शीटवर हे करतात. उपाय एकच: कामाच्या आधी गटाने बसून दुसऱ्या टॅबवर प्रमाण नावांची यादी करायची आणि लेखकाच्या रकान्यात 'डेटा व्हॅलिडेशन'ने तिथूनच नाव निवडायचं. नवं नाव यादीत घालण्याचा अधिकार गटातल्या एकालाच. बाकीच्यांनी त्याला विचारायचं, थांबावं लागलं तरी.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या याद्या बऱ्याचदा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या तशाच चिकटवू नका, युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एकाच रकान्यात १२५ आणि 125 असे दोन्ही अंक नकोत. क्रम लागत नाही.

कोहात सगळ्या गटाला मिळून एकच लॉगिन नको. प्रत्येकाचं वेगळं.

वाचकांचे पत्ते आणि फोन असलेली फाइल 'एनीवन विथ द लिंक' करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कधीच नाही.

'फायनल', 'फायनल 2', 'खरंच फायनल' अशा फाइली एकमेकांना पाठवायच्या असतील तर शेअर केलेली शीट घेतलीच कशाला?

झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ 'माय लायब्ररी'त टाकून तो गटाला दिसेल असं समजू नका. गटाच्या लायब्ररीत ओढून टाकलात तर त्याची वेगळी प्रत होते, एकीतली दुरुस्ती दुसरीत जात नाही. प्रबंधिकेत संदर्भ देताना सगळ्यांनी गटाच्याच लायब्ररीतून उचला, नाहीतर संदर्भसूचीत एकच पुस्तक दोनदा येतं. फुकटातली साठवण 300 एमबी आहे, त्यात स्कॅन केलेल्या पीडीएफ भरू नका.

फाइलीचा मालक कोण, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एखाद्या मुलाच्या वैयक्तिक खात्यावर वाचनालयाची नोंदवही ठेवणं धोक्याचं आहे. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. महाविद्यालयाचं खातं तर अभ्यासक्रम संपल्यावर बऱ्याचदा बंदच होतं. म्हणून निकालाची वाट न बघता वाचनालयाच्या स्वतःच्या खात्यावर प्रत काढून द्या, एक प्रत सीएसव्हीत पेनड्राइव्हवर, आणि एक छापून, पानांवर क्रमांक घालून, ग्रंथपालांच्या सहीने कपाटात.