ई-बुकला कुलूप लावताय? मग निदान या चुका टाळा

मला दिसत नाही, पुस्तकं मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकते. मुंबईतले काही प्रकाशक ई-बुक बाजारात टाकायच्या आधी फाइल माझ्याकडे तपासायला पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांची पुस्तकं मी पैसे देऊन घेते आणि मग त्यांना मेल लिहीत बसते. मेलमध्ये दर वेळी तेच तेच, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून अ‍ॅपमध्ये मजकुराच्या जागी पानाचं चित्रच दाखवणं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काही फरक कळत नाही. पण फोनवरचा टॉकबॅक काय किंवा कॉम्प्युटरवरचा एनव्हीडीए काय, हे स्क्रीन रीडर पान बघत नाहीत हो, अ‍ॅपने मजकूर त्यांच्या हातात द्यावा लागतो, आणि चित्रात मजकूरच नाही तर ते बोलणार काय?

माझ्या ओळखीची एक मुलगी, डोंबिवलीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. एका प्रकाशनाच्या स्वतःच्या अ‍ॅपवर तिने पुस्तक घेतलं, पैसे भरले, उघडलं, तर फोन म्हणतो ‘मागे, बटण’, ‘पुढचं पान, बटण’, आणि मधे सगळं शांत. तिने फोन केला, दाद नाही, मग मी केला. तिकडून साहेब म्हणाले, "मॅडम, ती सिक्युरिटी आहे, आवाज चालू केला की कोणीही रेकॉर्ड करून विकेल." मी म्हटलं, अहो, तुमचं पुस्तक टेलिग्रामवर आधीच फिरतंय. माझ्या भावाने ती फाइल बघितली होती, कोणीतरी छापील प्रतीचे फोटो काढलेत, निम्म्या पानांवर त्याचा अंगठा आलाय. म्हणजे चोराने अ‍ॅपला हातसुद्धा लावला नव्हता, त्याला कागदी पुस्तक आणि फोनचा कॅमेरा पुरला. कुलपाने अडलं कोण, तर जिने पैसे भरले ती. शेवटी त्यांनी तिला साधी वर्ड फाइल पाठवली. पूर्वपरीक्षा झाल्यावर.

आणि हे ‘आवाज म्हणजे चोरी’ प्रकरण काही आपल्याकडचं नवीन नाही. २००९ मध्ये अमेरिकेत किंडल २ हे ई-बुक वाचायचं यंत्र पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायला लागलं, तर तिथल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली की याने आमच्या ऑडिओबुकचा धंदा बसेल, आणि अ‍ॅमेझॉनने आवाज बंद करायचं बटण प्रकाशकांच्या हातात दिलं. अंध वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या दारात निदर्शनं केली होती. इतकी वर्षं झाली, वाद तोच.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर कुलूप नकोच, पानांवर ग्राहकाचं नाव आणि ऑर्डर नंबर छापा, स्वतःचं नाव असलेली फाइल ग्रुपवर टाकताना माणूस दोनदा विचार करतो. कुलूप लावायचंच असेल तर ईपबला (ई-बुकचा नेहमीचा फाइल प्रकार) एलसीपी नावाचं कुलूप लावा, ते थोरियम रीडर या वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये पासफ्रेज देऊन उघडतं आणि स्क्रीन रीडर नीट वाचतो. थोरियम फुकट आहे. स्वतःचं अ‍ॅप बनवून घ्यायचा हट्ट कशाला, देव जाणे.

दुसरी माझी आवडती चूक, म्हणजे नावडती, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ. पुस्तक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीत लावलेलं, त्याचीच पीडीएफ केली आणि ‘ई-बुक आलं हो!’ अहो, त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी फक्त दिसतं, आत अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसलेली असतात, आणि स्क्रीन रीडर ती इमानदारीत वाचतो. युनिकोडमधली, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं असलेली, पीडीएफ बरी, पण तिच्यातही कधीकधी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, ‘किती’चं ‘िकती’ होतं, जोडाक्षरं सांडतात. माझी सवय अशी: मधलाच एखादा परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायचा, तिथे कचरा आला तर आमच्या कानातही कचराच येणार. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तेवढा दम कुणाला नसतो. आणि जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढलं म्हणजे झालं असं समजू नका, त्यानंतर प्रूफ वाचायलाच लागतं, शॉर्टकट नाही.

पीडीएफला पासवर्ड टाकताना स्क्रीन रीडरला मजकूर वाचू देण्याची टिक वेगळी असते, ती काढू नका.

ईपबमध्ये भाषा मराठी आहे हे नोंदवा, नाहीतर काही फोनवर हिंदी आवाज मराठी वाचतो आणि ‘ळ’ची वाट लागते.

चित्राच्या वर्णनात ‘इमेज १’ लिहिणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

आमच्यासाठी पुस्तकं स्कॅन करणाऱ्या उत्साही स्वयंसेवकांनो, आता तुम्ही. गूगल ड्राइव्हवर स्कॅन टाकलं, ओसीआर झालं, म्हणजे चित्रातला मजकूर बाहेर काढला, लगेच पाठवलं, असं करू नका. दर पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पान नंबर वाक्याच्या मधेच घुसतात, नायिका रडायला लागते आणि मधेच ‘एकशे बेचाळीस’. ते आधी काढा, प्रकरणांना हेडिंग स्टाइल द्या. वेळ लागतो? लागू द्या, कमी पुस्तकं करा.

नवीन अंध वाचकांसाठीही सांगणं आहे. विकत घेण्याआधी सँपल उघडून ऐका, तेही ज्या फोनवर वाचणार त्याच फोनवर. स्पीड पहिल्याच दिवशी फुल्ल करून ‘कळत नाही, हे आपल्यासाठी नाही’ म्हणत सोडून देऊ नका.

कुलूप उघडलं नाही की यूट्यूबवर क्रॅक शोधायची घाई तर अजिबात नको, अर्ध्या वेळी लॅपटॉप व्हायरसने भरतो. आधी प्रकाशकाला मेल करा आणि त्यात कायदा लिहा. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अपंग वाचकांसाठी वाचता येईल अशी प्रत करायची सूट आली, नफा न घेता. अंध वाचकांना पुस्तकं वाचता यावीत म्हणून झालेला मराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश होता, २०१४ मध्ये. हे लिहिलं की उत्तर येतं, असा माझा तरी अनुभव आहे. पण अशी मिळालेली फाइल सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, ती सूट अपंग वाचकांपुरतीच आहे, आणि तुम्ही ती वाटलीत की पुढच्या मुलीला तोच प्रकाशक नाही म्हणणार.

मेल करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या अपंग वाचकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, पुस्तक तिथे कदाचित आधीच असेल. नोंदणीला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, प्रकाशकही तेच मागतात.