स्किन मॉडेल सारखं बिघडतंय? मेलानोमावर (त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरवर) काम करताना या चुका टाळा

थ्रीडी स्किन मॉडेलचा (लॅबमध्ये पेशींपासून वाढवलेल्या त्वचेचा) खरा त्रास हा की चूक होते पहिल्या दिवशी आणि दिसते तिसऱ्या आठवड्यात, सेक्शन (मॉडेलचा पातळ काप) मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर. त्यामुळे पीएचडीवाल्यांनो, सेक्शन खराब आला की स्टेनिंगच्या मागे लागू नका, आधी जेल (मॉडेलचा खालचा कोलॅजनचा थर) बघा.

कोलॅजन ॲसिडमध्ये असतं, न्यूट्रलाइज केलं आणि जरा गरम झालं की सेट व्हायला लागतं, म्हणून बफर, ट्यूब, टिप्स सगळं बर्फावर गार पाहिजे. फिनॉल रेड या इंडिकेटरचा पिवळा रंग जाऊन फिकट गुलाबी आला की थांबायचं, गडद गुलाबी झालं म्हणजे अल्कली जास्त पडली, त्यात फायब्रोब्लास्ट (त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशी) टाकू नका. आणि पिपेटिंग हळू करा, बुडबुडा राहिला तर सेक्शनमध्ये तिथे भोक दिसतं.

फायब्रोब्लास्ट जेलला आतून ओढतात आणि जेल आकसतं. पेशी जास्त टाकल्या तर कडा इन्सर्टपासून (जेल धरणाऱ्या छोट्या कपापासून) सुटतात, वरून टाकलेले केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी) त्या फटीतून खाली घरंगळतात. आधी जेल आकसू द्या, मग केराटिनोसाइट टाका.

केराटिनोसाइट ७०-८० टक्के भरले की लगेच पॅसेज करा (नव्या प्लेटमध्ये हलवा), प्लेट गच्च भरली की ते डिफरन्शिएट (पक्व) व्हायला लागतात आणि मग थर धड बनत नाही. सोपं पडतं म्हणून हाकॅट पेशी (केराटिनोसाइटची कायम वाढत राहणारी लाइन) वापरणार असाल तर लक्षात ठेवा, त्यांच्यात पी५३ या ट्यूमर रोखणाऱ्या जीनमध्ये म्युटेशन आहेत आणि सगळ्यात वरचा टणक कॉर्नियम थर नीट बनत नाही, म्हणजे नॉर्मल त्वचा म्हणून कॅन्सरशी तुलना करायला त्या कच्च्याच. एअरलिफ्टनंतर (मॉडेलचा वरचा भाग हवेत उघडा केल्यावर) मीडियम फक्त खालून द्यायचं, वर पाणी साचलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डर्मिसमध्ये (आतल्या थरात) पेशींची बेटं दिसली की लगेच 'इन्व्हेजन' (कॅन्सर आत शिरला) लिहून मोकळं व्हायचं नाही!! सेक्शन तिरका कापला गेला तरी एपिडर्मिसचे (वरच्या थराचे) खाली गेलेले भाग सुटे बेट वाटतात, आणि कडेवरून घरंगळलेल्या पेशीही तशाच दिसतात. कडेचा भाग सोडून द्या, ओळीने पुढचे-मागचे सेक्शन बघा, मेलान-ए (रंगपेशींची खूण) आणि केराटिन (केराटिनोसाइटची खूण) दोन्ही स्टेन करा म्हणजे मेलानोमा कोणता आणि केराटिनोसाइट कोणते ते कळेल, आणि त्याच बॅचचं मेलानोमा न टाकलेलं मॉडेल शेजारी हवंच, ते नसेल तर त्या फोटोवरून काहीच म्हणता येत नाही.

सेल लाइनची एसटीआर टेस्ट (डीएनएवरून लाइनची ओळख) आणि मायकोप्लाझ्मा टेस्ट (पेशींमधल्या बॅक्टेरियाची तपासणी) आधीच करून घ्या. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन कितीतरी वर्षं ब्रेस्ट कॅन्सर म्हणून वापरली गेली आणि निघाली एम१४ मेलानोमा.

मॉडेलला यूव्हीबी (अल्ट्राव्हायोलेट किरण) देताना प्लेटचं झाकण काढा, साधं प्लास्टिक बराच यूव्हीबी अडवतं.

आणि एकाच डोनरच्या (पेशी देणाऱ्या व्यक्तीच्या) सहा वेल म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) सहा नाही, एन एकच.